घरमोटार आणि हिमालय

प्रवासवर्णनाची परीक्षा करताना प्रवास कोणत्या वाहनातून झाला याचा विचार टीकाकाराने करावा किंवा कसे, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. लेखक पायी गेला, आगगाडीने गेला की विमानाने गेला हे त्याचे त्याच्यापाशी. वाचकाचा संबंध काय तो त्याच्या लेखणीशी. परंतु थोडे खोल जाऊन पाहिल्यास असे आढळते की, वाहन बदलले म्हणजे दृष्टी बदलते, आणि दृष्टी बदलली म्हणजे वर्णनही पूर्वीचे राहत नाही. पायी चालणाऱ्यास वाटेतला दगड दिसतो. आगगाडीत बसलेल्यास मागे पळणारी शेते दिसतात. विमानातून जाणाऱ्यास तर दोन विमानतळांमधला देश बहुधा दिसतच नाही. वाहनाचा प्रश्न हा अशा रीतीने वाङ्मयाचाही प्रश्न आहे असे गृहीत धरून, प्रस्तुत लेखात आम्ही आपल्याकडील एका नव्या वाहनाचा व त्यातून जन्मास येऊ पाहणाऱ्या एका नव्या वाङ्मयाचा परामर्श घेणार आहोत.

हे वाहन म्हणजे घरमोटार. इंग्रजीत जिला कॅराव्हॅन म्हणतात तीच ही. निजावयाच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, एक चिमुकले न्हाणीघर, एवढा संसार पोटात घेऊन ही मोटार हिंडते. युरोप-अमेरिकेत ती जुनी आहे. आपल्याकडे ती आता कोठे रुळू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने या प्रकारच्या पर्यटनासाठी २०२१ साली स्वतंत्र धोरणही आखले. सातारा-सांगलीकडील मध्यम स्थितीतील काही कुटुंबे अलीकडे अशी मोटार भाड्याने घेऊन, अथवा साध्या प्रवासी मोटारीची मागची आसने काढून तेथे फळ्या व शेगडी बसवून, मुलाबाळांसह थेट मनाली, लाहूल, लडाखपर्यंत जाऊ लागली आहेत. आणि मराठी मनुष्य हिमालयात जाऊन आला म्हणजे लिहिल्यावाचून राहत नाही. अशी आठ-दहा वर्णने गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे अभिप्रायासाठी आली. काही दिवाळी अंकांतून छापलेली, बरीचशी हस्तलिखित. लिहिणारे बहुतेक आमचेच जुने विद्यार्थी: कोणी पतपेढीत अधिकारी, कोणी तासगावकडचे द्राक्षबागाईतदार, कोणी शिक्षक. त्यांवर साताऱ्यातील एका वाचकमंडळात चर्चा निघाली असता आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी एका वाक्यात सगळ्यांचा निकाल लावला. ते म्हणाले, "ज्याने घर सोडले नाही त्याने प्रवास केला नाही; मग प्रवासवर्णन कसले लिहितो?"

वाक्य चटकदार आहे, आणि त्यात तथ्यांशही आहे. म्हणूनच ते तपासून पाहणे अवश्य आहे.

आपल्या प्रवासवाङ्मयाची परंपरा पाहिली तर ती प्रायः घर सोडून गेलेल्या पुरुषांची परंपरा आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे तिचे ठळक उदाहरण. पेण तालुक्यातील वरसईचा हा भिक्षुक घरच्या दारिद्र्याने गांजून, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. त्याची हकीकत पुढे चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली. दुसरे उदाहरण खुद्द साताऱ्याचे. काकासाहेब कालेलकरांचा जन्म १८८५ साली साताऱ्यास झाला. १९१२ साली, कुटुंब मागे ठेवून, स्वामी आनंदांसारख्या सोबत्यांसह ते हिमालयात पायी हिंडले, आणि त्या भ्रमंतीवर त्यांनी गुजराती भाषेत जे पुस्तक लिहिले ते त्या भाषेचे एक भूषण ठरले. साताऱ्यात जन्मलेल्या मराठी माणसाने हिमालय गुजरातीस दिला, याचे सुखदुःख आपण काय ते मानावे.

या दोन्ही प्रवासांत घर मागे राहिले आहे, हे खरे. परंतु ते पुस्तकातूनही नाहीसे झाले आहे काय? गोडसे भटजींच्या बाबतीत तर याचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी द्यावे लागेल. हा मनुष्य घरासाठी निघाला आहे. झाशीच्या वेढ्यात जीव मुठीत धरून बसला असताना त्याला वरसई दिसते आहे. आणि अखेर हाती फारसे द्रव्य न लागता तो परततो तेव्हा आईबापांस स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन येतो. घर प्रवासाच्या आरंभी आहे आणि शेवटीही आहे. किंबहुना प्रवासास जो अर्थ आला आहे तो त्यामुळेच आला आहे. घर सोडणे हे प्रवासाचे लक्षण असेल. घर विसरणे हे प्रवासवर्णनाचे लक्षण नव्हे. आमच्या स्नेह्यांच्या वाक्यात या दोहोंची गल्लत झाली आहे, असे आम्हांस वाटते.

शिवाय, घर बरोबर घेऊन हिंडणे ही गोष्ट आपल्या मुलखास परकी आहे, हेही खरे नाही. पंडिता रमाबाईंचे बालपण आठवावे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, भावंडे असे सारे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थांमागून तीर्थे करीत वाटेवर जगत होते. त्यांचे घर म्हणजे ती वाट. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप गेले, मागाहून बहीण गेली. आणि उरलेली दोघे भावंडे पायीच उत्तरेस काश्मीरपर्यंत भटकून १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. हौस म्हणून नव्हे, तर श्रद्धेपायी व पुढे केवळ निरुपाय म्हणून हे कुटुंब चालत होते. परंतु मराठी कुटुंब आणि उत्तरेकडील डोंगर यांची गाठ घरमोटारीने प्रथम घातली, असे म्हणण्यास जागा नाही, एवढे तरी यावरून दिसावे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने पुढे जाते. त्या वेळी दिंड्यांमागून जे मालट्रक चालतात त्यांत काय असते? तंबू, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, मोठाली पातेली, आणि क्वचित ज्यांचे पाय चालेनासे झाले आहेत अशी एखादी म्हातारी. हा ट्रक म्हणजे शेपन्नास माणसांची घरमोटारच होय. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी टापूतले धनगर तर पावसाचा व चाऱ्याचा अदमास घेत मेंढरांमागे निघतात, आणि त्यांच्या घोड्याच्या पाठीवर वाकळा, भांडी, कोंबड्या व त्या सर्वांवर बसविलेले एक मूल, असा अख्खा संसार चाललेला आपण दर वर्षी सातारच्या सडकेवर पाहतो. याच आटपाडी तालुक्यातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' लिहून धनगरांच्या वस्तीस मराठी वाङ्मयात कायमचे स्थान दिले. परंतु त्यांच्या चालत्या घराचे वर्णन मात्र, ते घर दारावरून जात असतानाही, आपल्या हातून व्हावे तसे झालेले नाही.

हा उल्लेख विषयांतर म्हणून केलेला नाही. मनालीहून वर जाणाऱ्या मार्गावर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ भेटतात. कांगडा व चंबा या भागांतून ते आपले कळप घेऊन खिंडी ओलांडतात आणि लाहूलच्या कुरणांत उतरतात. माणदेशातील धनगर ज्याने पाहिला आहे त्याला या गद्द्याची ओळख पटण्यास दुभाषी लागू नये. आमच्यापाशी आलेल्या वर्णनांपैकी बहुतेकांत गद्दी आला आहे. पण तो 'निसर्गाचे निष्पाप लेकरू' म्हणून आला आहे. त्याच्या घोड्यावर काय लादले आहे, बायको बरोबर आहे की खाली गावी राहिली आहे, हे कोणीही पाहिलेले नाही. आपले घर बरोबर घेऊन निघालेल्या लेखकांना दुसऱ्याचे फिरते घर ओळखू येऊ नये, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

येथे आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. घरमोटारीच्या प्रवासात असे कोणते अनुभवद्रव्य आहे की जे पायी प्रवासात अथवा हॉटेलातील मुक्कामात सापडणार नाही? आमच्या मते ते हे की, या प्रवासात पर्वताची गाठ घरातील नित्याच्या कृत्यांशी पडते. उदाहरणार्थ भात घ्या. सांगलीची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. तेथे पाणी साधारण ९८ अंशांवर उकळते. बारालाचा खिंडीच्या अलीकडे झिंगझिंगबार म्हणून ठिकाण आहे, त्याची उंची ४,२०० मीटरांहून अधिक. तेथे पाणी ८६ अंशांवरच उकळू लागते. उकळी दिसते, वाफ दिसते, पण उघड्या पातेल्यात तांदूळ काही शिजत नाही. ज्या बाईने तीस वर्षे डोळे मिटून भात केला तिचा हात तेथे प्रथमच चुकतो. हवा विरळ झाली आहे ही भूगोलातील ओळ त्या कच्च्या शितात प्रत्यक्ष होते. हॉटेलात उतरणाऱ्यास हा अनुभव येत नाही, कारण त्याचा भात दुसरा कोणी शिजवितो. एकट्या पुरुष प्रवाशास आला तरी तो त्याची थट्टा करून मोकळा होतो. घर बरोबर नेले म्हणूनच पर्वत स्वयंपाकघरात शिरला. आणि हेच या नव्या वाङ्मयाचे खरे भांडवल आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पायी चालणारा मनुष्य डोंगर चढतो तेव्हा त्याचे शरीर दिवसागणिक त्या उंचीस सरावत जाते. त्याच्या पायांची मंद गती हीच त्याची रक्षक असते. मोटारीचे तसे नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरांवर आहे. पूर्वी तेथून पुढे जाण्यास ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड चढावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याने ती अडचण दूर केली. बोगद्यापलीकडे केलाँग ३,१०० मीटरांच्या आसपास, जिस्पा त्याहून थोडे वर. आणि तेथून काही तासांत मोटार ४,८९० मीटरांच्या बारालाचा खिंडीत जाऊन उभी राहते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तीन हजार मीटरांवर गेल्यानंतर निजण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकाचा दंडक आहे. घरमोटारीत हा दंडक मोडणे फार सोपे जाते, कारण तेथे मनुष्यास घर सोडल्यासारखे वाटतच नाही. उशी तीच, पांघरूण तेच, चहाची किटली तीच. मग भय कशाचे? घर वर पोहोचलेले असते आणि शरीर दोन दिवस मागे राहिलेले असते. हे सुरक्षिततेचे ढोंग आणि त्याखालचे संकट यांत केवढे नाट्य आहे, हे कोणत्याही जाणत्या लेखकास सांगावयास नको.

आता आमच्यापुढील वर्णनांत या दोहोंपैकी काय आले आहे? सांगावयास खेद होतो की जवळजवळ काहीच आलेले नाही. त्यांत खिंडींची नावे व उंची आहे, इंधनाचा हिशेब आहे, रस्त्याच्या स्थितीविषयी तक्रार आहे, आणि प्रत्येक खिंडीतील पाटीसमोर उभे राहून घेतलेले छायाचित्र आहे. लेह येथून खारदुंग-लाकडे गेलेल्या तिघांनीही तेथील उंची १८,३८० फूट अशी दिली आहे, कारण तेथील प्रसिद्ध पाटीवर ती तशी रंगविलेली होती. वास्तविक आधुनिक मोजणीप्रमाणे ती ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. आठशे फुटांचा हा फरक आम्ही क्षुद्र छिद्रान्वेषण म्हणून दाखवीत नाही. आपल्या फुप्फुसांनी जे सांगितले ते न लिहिता पाटीने जे सांगितले ते लिहिणे, ही या सर्व लेखनातील मूळ वृत्ती आहे, आणि ती पाटी केवळ तिचे प्रतीक आहे.

याहून मोठा दोष असा की, कुटुंब बरोबर असूनही ते वर्णनात नाही. पहिल्या पानावर 'मी, सौ., आई व दोन्ही मुले' असे एकदा म्हटले की पुढे सारा प्रवास 'मी' एकटाच करतो. आई कोठे बसली होती, तिला खिडकीतून काय दिसले, मुलगा कशाने रडला, याचा पत्ता नाही. स्वयंपाक कोणी केला हे तर एकाही वर्णनात नाही. भोजन मात्र प्रत्येक मुक्कामावर झालेले आहे.

या प्रकारात आपण एकटे नाही, हे सांगून लेखकमित्रांचे थोडे समाधान करता येईल. जॉन स्टाइनबेक या थोर अमेरिकन कादंबरीकाराने १९६० साली अशाच एका घरमोटारीतून आपला देश पालथा घातला. मोटारीस त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले होते, आणि सोबतीस चार्ली नावाचा कुत्रा होता. १९६२ साली प्रसिद्ध झालेले 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे त्याचे पुस्तक घरमोटारीच्या वाङ्मयातील अग्रगण्य ग्रंथ मानले जाते. एकाकी, प्रौढ लेखक आपल्या मुक्या सोबत्यासह देशाचे अंतरंग शोधीत आहे, हे त्यातील चित्र मनोहर आहे यात शंका नाही. परंतु पुढे बिल स्टाइगरवाल्ड नावाच्या पत्रकाराने २०१० साली त्याच मार्गाने जाऊन व मूळ हस्तलिखित पाहून असे दाखवून दिले की, या प्रवासातील पुष्कळ दिवस स्टाइनबेकची पत्नी एलेन त्याच्याबरोबर होती, आणि कित्येक रात्री मोटारीत नव्हे तर हॉटेलांत गेल्या होत्या. छापील पुस्तकात ती दोन-तीन ठिकाणी डोकावते. एरवी ती गाळली गेली. पुस्तकाच्या पन्नासाव्या वर्षी निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही, ते अक्षरशः खरे मानू नये, असा इशारा द्यावा लागला.

स्टाइनबेकने असे का केले? आमच्या मते उत्तर सोपे आहे. प्रवासी एकाकी असावा, हा वाङ्मयीन संकेत त्याच्या मनावर स्वार होता. पत्नी बरोबर असली की तो संकेत ढळतो, तेव्हा पत्नीनेच बाजूस व्हावे. कुत्रा चालतो, कारण तो बोलत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी स्टाइनबेक वाचलेला नाही, पण तोच संकेत त्यांनीही अजाणता पाळला आहे.

येथवर आम्ही न्यायासनावर बसून बोललो. आता तेथून उतरणे प्राप्त आहे, आणि त्यासाठी टीकाकाराचे सोयीस्कर 'आम्ही' टाकून 'मी' म्हणणेही भाग आहे. कारण अशा प्रकारचे एक वर्णन मीही लिहिले आहे आणि ते एका दिवाळी अंकात छापूनही आले आहे.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात मी, पत्नी, मुलगा, मुलगी आणि साताऱ्याच्या मंगळवार पेठेत राहणारी माझी वडील बहीण, अशी पाच माणसे सांगलीहून एका घरमोटारीत बसून निघालो. पेठनाका, कऱ्हाड करीत साताऱ्यास अक्काला घेतले. अडुसष्ट वर्षांच्या त्या बाईने आयुष्यात महाबळेश्वरापलीकडे उंच जागा पाहिलेली नव्हती. सहा दिवसांत आम्ही मनाली गाठली, सातव्या दिवशी बोगदा ओलांडून जिस्पास मुक्काम केला, आणि आठव्या दिवशी दुपारी बारालाचा खिंडीत पोहोचलो. एक दिवस विसावा घ्यावा, असे पत्नीचे म्हणणे होते. माझे वेळापत्रक ठरलेले होते. खिंडीत मी मुलांसह खाली उतरलो, पाटीशी छायाचित्र घेतले, आणि परत आत आलो तेव्हा अक्का फळीवर पडून होती. तिला धाप लागली होती, ओठ निळसर दिसत होते आणि हाक मारली असता ती अर्धवट उत्तर देत होती. प्राणवायूचा लहान डबा होता तो तिच्या नाकाशी धरला. चालक समंजस होता. अशा वेळी खाली उतरणे हाच उपाय, हे त्याने मला विचारण्यापूर्वीच मोटार वळवून दाखवून दिले. संध्याकाळी केलाँगला पोहोचेपर्यंत तिचा श्वास पुष्कळ सुधारला होता. आम्ही लेहला गेलोच नाही.

माझ्या लेखात यातील एक अक्षर नाही. त्यात बारालाचाचे बर्फ आहे, शिखरांस मी 'ध्यानस्थ महर्षी' म्हटले आहे, आणि त्यापुढे सरचूच्या विस्तीर्ण पठाराचे व लडाखच्या नितळ आकाशाचे दोन परिच्छेद आहेत. ते मी छायाचित्रांवरून लिहिले. 'मी तेथे गेलो' असे वाक्य मी कोठेही लिहिलेले नाही, या तांत्रिक सबबीवर मी स्वतःस काही काळ निर्दोषही समजत होतो. वाचकांनी लेखाची प्रशंसा केली. अंक साताऱ्यास गेला. पुढे भेट झाली तेव्हा अक्का एवढेच म्हणाली, "लेख छान आहे रे. पण मी त्यात कुठेच नाही." मी काहीतरी सारवासारव केली: लेखाची मर्यादा, वाचकांची अपेक्षा, वगैरे. तिने ऐकून घेतले व आतून एक वही आणून माझ्या हातात दिली. तिनेही लिहिले होते, पाच पाने. तिच्या परवानगीने त्यातील थोडा भाग येथे उतरून घेतो.

"जिस्पाला भात चरचरीत राहिला. कुकर होता, पण मीच झाकण लवकर काढायला लावलं, चूक माझी. दुसऱ्या दिवशी वर बर्फ होतं म्हणतात. मी पाहिलं नाही. मला छताच्या आकड्याला टांगलेली किटली दिसत होती. चढावर ती माझ्या पायांकडे झुकलेली असायची. मग ती सरळ झाली, तेव्हा कळलं की वर आलो. सगळी खाली उतरली, किटली आणि मी दोघीच. नंतर ती उलटीकडे झुकली, तेव्हा कळलं की मागे फिरलो. कोणी बोलत नव्हतं. धाकट्यानं विचारलं, आत्या बरं वाटतंय का. मी हो म्हटलं, खोटंच. माझ्यापायी सगळ्यांचं राहिलं, हे मनात येत होतं. केलाँगला आल्यावर मला भूक लागली, तेव्हा भावजय रडली."

हा उतारा मी भावनेपोटी देत नाही. टीकाकार म्हणून देत आहे. यात एकही विशेषण केवळ शोभेसाठी आलेले नाही. खिंडीचा चढ, माथा आणि उतार ही तिन्ही एका टांगलेल्या किटलीच्या कलण्यातून दिसतात. आणि ही किटली घरातली आहे, साताऱ्याच्या ओट्यावर जिने वीस वर्षे काढली तीच. पर्वताचे सबंध दर्शन न होताही पर्वताची एवढी नेमकी जाणीव देणारे वाक्य माझ्या बावीस छापील पृष्ठांत सापडणार नाही. काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. औचित्याचा अर्थ आपण बहुधा भारदस्तपणा असा करतो, आणि हिमालय म्हटला की महर्षी, कैलास, अनंत, असे शब्द योजणे उचित समजतो. परंतु वस्तूस जे खरोखर साजते ते उचित. फळीवर पडून असलेल्या स्त्रीच्या हिमालयास किटली साजते, महर्षी साजत नाहीत.

यावर असा आक्षेप येईल की, मग प्रवासवर्णन म्हणजे घरखर्चाची वही होईल. प्रत्येक मुक्कामावर काय रांधले व कोण रुसले, याच्या याद्या वाचकाने का वाचाव्यात? आक्षेप रास्त आहे. घरातील प्रत्येक गोष्ट वर्णनीय नसते. ज्या गोष्टीवर त्या स्थळाचा, त्या उंचीचा, त्या थंडीचा परिणाम झाला आहे तीच लिहिण्याजोगी. घरी भात कच्चा राहिला तर ती स्वयंपाकातली चूक. जिस्पास राहिला तर ते भूगोलाचे प्रमाण आहे. हा विवेक ज्याच्यापाशी आहे त्याच्या हातून वही होणार नाही. गोडसे भटजींनीही वाटेतले प्रत्येक जेवण सांगितलेले नाही; जे भय आणि जी भूक त्या काळाने आणि त्या मुलखाने त्यांच्यावर आणली तीच सांगितली.

तेव्हा आमच्या वृद्ध स्नेह्यांस आमचे उत्तर असे की, घर बरोबर नेल्याने प्रवास उणा होत नाही. उणे होते ते वर्णन, आणि तेही घर बरोबर नेऊन लिहिताना ते लपविल्यामुळे. ज्या बायका, म्हाताऱ्या व मुले आपल्या हिमालयाच्या वाङ्मयात आजवर उंबऱ्याशीच निरोप देत उभी राहिली, ती या मोटारीमुळे प्रथमच खिंडीपर्यंत आली आहेत. त्यांना काय दिसले, हे मराठीत अद्याप लिहिले जावयाचे आहे. ते लिहिण्यास मोठे शब्दसामर्थ्य लागत नाही. आपल्या शेजारी कोण बसले आहे हे पाहावे लागते, आणि परत फिरलो असल्यास परत फिरलो असे म्हणावे लागते. ज्या विद्यार्थ्यांनी आपली हस्तलिखिते माझ्याकडे दिली आहेत त्यांना ती याच अभिप्रायासह परत जातील: आईस विचारा, पत्नीस वही द्या, आणि मग पुन्हा लिहा.

स्वतःपुरती एक दुरुस्ती येथेच नोंदवून ठेवतो. माझ्या त्या लेखातील सरचू व लडाख यांविषयीचे दोन परिच्छेद वाचकांनी रद्द समजावे. आमचा प्रवास बारालाचा खिंडीत संपला. तेथून आम्ही पाचही जण केलाँगला उतरलो, तेथे तीन दिवस राहिलो, आणि अक्का चालू-फिरू लागल्यावर आल्या वाटेने साताऱ्यास परत आलो.